हुकूमशहाच्या देशातून टपाल

दसरा उलटला की आमचं शिरूर कासार रिकामं व्हायला लागतं. ट्रॅक्टर येतात, ट्रक येतात, बैलगाड्या जुंपल्या जातात आणि भांडीकुंडी, पिठाच्या पिशव्या, कोंबड्या, लेकरं असं सगळं लादून माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडं निघतात. दिवाळीनंतर तर गाव इतकं शांत व्हायचं, की मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून खोकलो तर तो खोकला सिंदफणेच्या पल्याडच्या टेकडीला धडकून परत यायचा आणि मलाच विचारायचा, "कोन हाय?" एकदा तर तो परत आलाच नाही. टेकडीच्या पलीकडून एखाद्या टोळीबरोबर माजलगावला गेला असावा.

यात कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू दे. मी खोटं बोलत नाही. खरं असतं तेच जरा ताणून वाळत घालतो.

मोबाइल हातोहाती झाले होते, पण इंटरनेट अजून टेलिफोनच्या तारेतून थेंब थेंब गळायचं, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांचं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर मी गूळ-तेल बंद केलं आणि तराजूच्या जागी कॉम्प्युटर मांडला. रोज सकाळी त्याच्या कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायची आणि लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापत बसायचं. घरात मी एकटा. लग्न जमलं नाही, कारण मुलगी बघायला गेलो की पोह्यांची बशी यायच्या आत मी मुलीच्या बापाला, माझ्या आजोबांनी निजामाच्या हत्तीला लाथ कशी मारली, ते सांगून मोकळा झालेला असायचो. पोहे मात्र सगळीकडं चांगले मिळाले.

मला आयुष्यात एकच मित्र होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्या दुकानामागच्या गल्लीत त्यांचं घर. शाळेपासून बरोबर. माझ्या गोष्टी ऐकायला गावात पुष्कळ जण होते, पण त्या छाटायला तो एकटा. मी म्हणायचो, "काल डोंगरात चाळीस लांडगे बगितले."

तो बसल्या जागी म्हणायचा, "दोन."

"बरं, बारा."

"दोन बे."

शेवटी तीनवर तोडगा निघायचा आणि मग ती गोष्ट गावात सांगायला मोकळी. त्याच्या हाताखालून गेलेली माझी गोष्ट चारचौघांत कधी पडली नाही.

तो हुशार होता. औरंगाबादला इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, तिथून बर्फाच्या एका देशात गेला. आई-वडील थोरल्या भावाकडं गेले आणि गल्लीतल्या घराला कुलूप लागलं. सुरुवातीला त्याच्या लांबच लांब मेल यायच्या. मग सणासुदीच्या. मग त्याही थांबल्या. आमचं भांडण वगैरे काही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान दोन माणसं लागतात. मी लिहायचो, तो लिहायचा नाही. बस.

अशाच एका रिकाम्या दुपारी वीज होती आणि गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी त्याचं नाव इंटरनेटवर शोधलं. तो सापडला. एका मदतगटात बसला होता. जगभरातल्या ज्या लोकांना आपण कुठून लिहितो ते लपवायचं असतं, त्यांच्यासाठी एक जाळं असतं. तुमची मेल तीन परक्या मशीनमधून फिरवून सोडतात, म्हणजे मागचा माग लागत नाही. आपल्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम त्या जाळ्याला कसा जोडायचा, हे तो लोकांना फुकट समजावून सांगत होता. ब्राझीलमधल्या कुणाला तरी त्यानं एवढं लांब उत्तर लिहिलं होतं, की ते छापलं असतं तर लग्नमांडवाला पडदा झाला असता. वर पुन्हा शेवटी, "अडलं तर न लाजता विचारा."

मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. मला ब्राझीलचा असा राग आला, की तो देश हाताशी असता तर मी त्याला खाली पाडला असता. अनोळखी माणसाला हा तासाभरात उत्तर देतो. मग मीच अनोळखी झालो तर?

पण लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला लपायचं काय कारण? कारण तयार केलं. नवा पत्ता उघडला, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि इंग्रजीत लिहिलं: मी एका लहान देशातला पत्रकार आहे. सुरक्षेसाठी देशाचं नाव सांगत नाही. आमच्यावर एका क्रूर हुकूमशहाचं राज्य आहे. त्याच्या मिशा इतक्या लांब आहेत की दोन शिपाई त्या धरून मागून चालतात. माझं टपाल तो उघडून वाचतो. कृपा करून मला वाचवा.

संध्याकाळी वीज आली तेव्हा उत्तर आलेलं होतं. "घाबरू नका. एकेक पायरी करू." मिशांबद्दल एक अक्षर नाही.

मी ती ओळ वाचून उठलो आणि दुकानातल्या दुकानात फिरलो. जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

पहिली पायरी अशी: मेलच्या प्रोग्रॅमला सांगायचं, टपाल परस्पर बाहेर टाकू नकोस, ते १२७.०.०.१ या पत्त्यावर, ९०५० नंबरच्या दारात नेऊन दे. हा पत्ता कोणत्या देशातला, ते मी दोन दिवस शोधत होतो. मग कळलं, तो आपल्याच मशीनचा. म्हणजे मशीननं आपल्याच दारावर टकटक करायची आणि आतून आपणच "कोण?" म्हणायचं. त्या दाराआड जाळ्याचा प्रोग्रॅम बसलेला असतो, तो टपाल घेतो आणि गुपचूप पुढं पाठवतो.

रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्या मामाचं गिऱ्हाईकही उसाला गेलेलं, त्यामुळं तो दिवसभर माझ्याकडं बघायचा आणि मी त्याच्याकडं. एकदा चहा घेऊन आला आणि तिथंच टेकला.

"आप्पा, दिसभर त्या डब्यात तोंड घालून काय करायलास?"

"मामा, टपालाला बुरखा घालायलो."

"कावून? गुन्हा केलास का काय?"

"न्हाई. पत्ता लपवायचा हाय. कांद्यावानी अस्तं बगा. पत्राला पाकीट, त्याला वरून पाकीट, त्याला आनखी पाकीट. पैला मानूस वरचं फोडतो, त्याला फकस्त दुसऱ्याचा पत्ता दिसतो. दुसऱ्याला तिसऱ्याचा. कुनी पाठवलं ते कुनालाच कळत न्हाई."

"आन् ज्याला पाठवलं त्याला?"

"त्यालाबी न्हाई."

मामानं रिकामा कप उचलला, आत पाहिलं, पुन्हा ठेवला. "मंग पाठवतोस कावून? माझा चहा पी. कुनी दिला ते तरी कळतंय."

आता अडचण अशी, की मी कॉम्प्युटरमध्ये अगदीच ढ नव्हतो. त्याच्या पायऱ्या मला पटापट समजत होत्या, आणि हीच भीती होती. प्रोग्रॅम नीट चालला की शिकवणी संपणार. म्हणून मी चुका करायला लागलो. चुका करणं सोपं नसतं. रोज नवी, पटेल अशी आणि शिकवणाऱ्याला कंटाळा येणार नाही अशी चूक काढायला डोकं लागतं. कधी दाराचा नंबर चुकवला, कधी म्हणालो, टपाल जायला इतका वेळ लागतो की तोवर परसात पेरलेली मेथी काढून भाजी करून झाली. तो म्हणाला, जाळं मुळातच हळू चालतं, प्रोग्रॅमला थांबायची मुदत वाढवून द्या. कसं वाढवायचं तेही लिहिलं. मी मुदत कमी केली आणि पुन्हा विचारलं.

मग त्यानं सांगितलं, मेलवर तुमच्या घड्याळाची वेळ उमटते, तीवरून तुमचा मुलूख कळेल. मशीनचं घड्याळ जगाच्या मधल्या, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेला लावा. मधली वेळ म्हणजे माझ्या इभ्रतीला कमी. मी ते पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर लावलं. दोन दिवसांनी वस्तीवरचे एक म्हातारबाबा अर्ज घेऊन परत आले. तो मी त्याच दुपारी साडेचारच्या सुमारास छापून दिला होता.

"आप्पा, साहेब म्हन्ले, हा अर्ज उद्याचा हाय. उद्या ये म्हन्ले."

पाहिलं तर खरंच. बेटावर उद्याची तारीख उजाडून गेली होती.

"बाबा, तुमी नशिबवान. गावात समद्यायच्या आधी उद्या तुमच्या घरी आला."

"त्यो उद्या तुला ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "मला आजचा दे."

मित्राचं उत्तर कधी उशिरा आलं किंवा मला लिहायला उशीर झाला, की मी हुकूमशहाचा आणखी एखादा जुलूम सांगायचो. आणि जुलूम सांगायचा म्हणजे काहीतरी माहीत असायला पाहिजे. मी परदेश पाहिला नव्हता. मांजरसुंब्याच्या फाट्यावर ढाब्यात बसून दिल्ली-मद्रासचे ट्रक पाहिले, एवढाच माझा जगाचा अनुभव. तेव्हा मी लिहायचो: हुकूमशहा पाळीपाळीनं आमची वीज तोडतो, या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची. पाणी टँकरनं येतं आणि टँकर त्याच्या मेहुण्याचा आहे. मोठ्या सणानंतर त्याचे मुकादम येऊन अर्धं गाव गाड्यांत भरतात आणि उसाच्या फडात नेतात. गावात म्हातारी माणसं, नदी आणि मी राहतो.

तो तांत्रिक उत्तर द्यायचा आणि खाली एखादी ओळ जोडायचा. "लोक फडात गेल्यावर म्हाताऱ्यांकडं कोण बघतं?" मी उत्तर दिलं, एकमेकांकडं बघतात. पुढच्या वेळी, "तुमच्याकडं थंडी पडली का?" मी म्हटलं, अशी पडली की शेकोटी पेटवली तर जाळ थिजून उभा राहतो, मग तो मोडून शेकावा लागतो. यावर काही आलं नाही. मी मनात म्हटलं, गडी पुरता फसला. हुकूमशहावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसलाय.

पण चुका संपतात. एक दिवस त्यानं परीक्षेची मेल पाठवायला सांगितली. काय बिघडवावं ते मला सुचेना, आणि ती मेल सरळ गेली. त्याचं उत्तर आलं: "तुमची मेल तपासली. वेळ नाही, ठिकाण नाही, मशीनची कसलीच खूण नाही. तुम्ही कुठं आहात, हे आता जगात कुणालाही कळणार नाही. अभिनंदन. काम झालं."

दुकानात बसून मी ते वाचलं. समोर हॉटेलला फळी लागलेली, मामा पावण्यांकडं गेलेला. रस्त्यावर एक गाढव उभं होतं, तेही दुसरीकडं तोंड करून. मी कुठं आहे हे जगात कुणालाही कळणार नाही, हे मला पंधरा पायऱ्या न करताही माहीत होतं.

दोन-तीन दिवस काही सुचलं नाही. मग लिहिलं: आमच्या देशात रिवाज आहे, शिकवणाऱ्याला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत. तुम्हाला इथून काही हवं असेल तर मागा. हुकूमशहाची मिशी सोडून काहीही.

या वेळी उत्तर तासाभरात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. "तुमच्या गावच्या नदीपलीकडं, बाभळीखाली, मेंढरांना पाणी पाजायची दगडाची डोणी आहे का अजून? पाणी असतं का तिच्यात?"

मी खुर्चीत मागं टेकलो. नदीचं मी लिहिलं होतं. बाभळीचं लिहिलं नव्हतं, मेंढरांचं नव्हतं आणि डोणीचं तर मला स्वतःलाच आठवत नव्हतं. ती त्याच्या आज्यानं कोरून घेतलेली. त्यांची मेंढरं तिच्यावर पाणी प्यायची. म्हणजे याला माहीत होतं. कधीपासून, ते त्यालाच ठाऊक, बहुतेक मिशीपासूनच. माझा पत्ता, माझं घड्याळ, माझ्या मशीनची सगळी खूण त्यानं आपल्या हातानं पुसून दिली होती, आणि तरी मी त्याला सगळा दिसत होतो.

एरवी मी बसल्या जागी उत्तर ठोकलं असतं, की डोणीत इतकं पाणी आहे की त्यात मगर सुटलीय. बोटं टंकायला गेली, पण लिहवलं नाही. शटर ओढलं आणि नदी ओलांडली.

डोणी होती. अर्धी मातीत गेलेली, आत वाळलेल्या शेंगा आणि लेंड्या. एका अंगाला तळापासून चीर. पाण्याचा थेंब नाही. बाभळ मात्र वाढून चौपट झाली होती. बरं, दुप्पट.

"पाणी नाही" असं लिहायला काही हरकत नव्हती. खरंच होतं ते. पण तिकडं बर्फात बसून माणूस एवढंच विचारतो, तर त्याला नाही म्हणायचं? आणि खोटंही लिहायचं नव्हतं. मी हातांनी डोणी उकरली, घरी जाऊन दोन घागरी आणल्या, वस्तीवरच्या हापशावर भरल्या आणि डोणीत ओतल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा ओतल्या. चिरेतून पाणी पाझरत होतं, म्हणून तिला शेणमाती लावली.

शेळ्या घेऊन एक आजी आली. बराच वेळ बघत राहिली.

"वाण्याचा का रं तू? कुनाला पाजायलास?"

"परदेशी पावना हाय, आजी."

तिनं इकडं तिकडं पाहिलं. नदीपर्यंत माणूस नव्हता. "बरा हायस न्हवं घरी?" तिनं जपून विचारलं, आणि शेळ्यांना हाळी दिली. शेळ्यांनी तोंडं घातली. मी तिथून जो सुटलो, तो वीज जायच्या आत दुकानात. लिहिलं: "डोणी आहे. पाणी आहे. शेळ्या पीत होत्या, मी स्वतः पाहिलं." आयुष्यात इतकी लहान गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

उत्तर आलं ते इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. एवढंच: "पाणी कुणी वतलं बे?"

मी हसलो. एकटाच, मोठ्यानं, रिकाम्या दुकानात. मग माझ्या खऱ्या पत्त्यावरून, खऱ्या नावानं, त्याला भलीमोठी मेल लिहिली. कसा आहेस, जेवतोस काय, तिकडं गोष्टी कोण सांगतं, घराच्या कुलपाला गंज चढलाय, मेलना उत्तर का दिलं नाहीस, कधी येतोस. सगळं लिहिलं. पाठवली आणि वाट बघत बसलो.

काही आलं नाही. वीज यायची, मी बघायचो. जायची, तरी बंद पडद्याकडं बघायचो. संक्रांत गेली. मामानं तिळगूळ दिला, मी त्याला दिला, हिशोब संपला. रागावलो असतो, पण माझीच मेल मी पुन्हा काढून वाचली. कुलपाची सोडली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला सुखानं देता आलं नसतं. "कधी येतोस" याचं तर नाहीच. अनोळखी पत्रकाराला यातलं काही सांगावं लागत नव्हतं. दाराचा नंबर सांगितला की झालं.

मग मी पोतं भरून नव्हे, डबाभर सिमेंट आणलं, नदी ओलांडली आणि डोणीची चीर आतून-बाहेरून बुजवली. परत येऊन मेलचा प्रोग्रॅम उघडला. कांद्यातून, तीन परक्या घरांतून, हुकूमशहाच्या देशातून लिहिलं: "सरकारी आदेशानुसार डोणीची चीर सिमेंटनं बुजवण्यात आली आहे. पुढं काय करावं?"

तासाभरात उत्तर.

"आज पाणी भरू नका. उद्यापासून सिमेंटवर ओलं पोतं टाका आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. सात दिवस. मध्ये एक दिवसही चुकवू नका. रोज कळवा."

मी गोणपाट शोधायला माळ्यावर चढलो.